मासिक लेन्स एक दिवसाआड वापरल्यास दोन महिने चालते का?

मानेवाडावासी:
नमस्कार. मी मिहानमधील एका कार्यालयात नोकरी करते. माझ्या चष्म्याचा नंबर उजव्या डोळ्यास −५.५० आणि डाव्या डोळ्यास −६.०० असून डाव्या डोळ्यास −१.२५ इतका सिलिंडरही (डोळ्याच्या असमान वक्रतेसाठी लागणारा नंबर) आहे. आठवड्यातून साधारण तीन दिवस, म्हणजे बॅडमिंटनच्या वेळी आणि एखाद्या समारंभाला, चष्म्याऐवजी कॉन्टॅक्ट लेन्स लावावी असा विचार आहे. दुकानदाराने वर्षभर चालणारी लेन्स सर्वांत स्वस्त पडेल असे सांगितले, तर मैत्रिणीचे म्हणणे असे की मासिक लेन्स एक दिवसाआड लावली तर आपोआपच दोन महिने पुरते. या दोन्ही सल्ल्यांत तथ्य आहे का, आणि नागपूरच्या उन्हाळ्याचा विचार करता कोणती लेन्स निवडावी, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

दृष्टीपट:
मी व्यवसायाने ऑप्टोमेट्रिस्ट, म्हणजे डोळे तपासून नंबर काढणारा, आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. मैत्रिणीचा हिशेब चुकीचा आहे. मासिक लेन्सचा महिना सीलबंद पाकीट उघडल्या दिवसापासून मोजायचा असतो, लावलेल्या दिवसांवरून नव्हे. सील तुटेपर्यंत ती लेन्स निर्जंतुक असते आणि पाकिटावर छापलेल्या तारखेपर्यंत चांगली राहते. एकदा उघडून वापरली की अश्रूंतील प्रथिने आणि स्निग्ध पदार्थ तिच्यावर साचू लागतात, लेन्स ठेवण्याच्या डबीत जंतूंचा थर धरण्याची शक्यता निर्माण होते, आणि लेन्स डबीत पडून असली म्हणून ही प्रक्रिया थांबत नाही. तीस दिवस झाले की ती पाच वेळा लावलेली असो वा पंचवीस वेळा, टाकून द्यावी.

वर्षभराच्या लेन्सबद्दल माझे मत स्पष्टपणे प्रतिकूल आहे. कॉर्नियात, म्हणजे बुबुळावरील पारदर्शक पडद्यात, रक्तवाहिन्या नसतात. तिला लागणारा प्राणवायू मुख्यतः हवेतून, अश्रूंवाटे मिळतो, आणि मध्ये लेन्स असेल तर तो लेन्समधून पार व्हावा लागतो. वर्षभराच्या बहुतेक सॉफ्ट लेन्स जुन्या पद्धतीच्या हायड्रोजेलच्या, म्हणजे पाणी शोषणाऱ्या मऊ प्लास्टिकच्या, असतात आणि त्यांतून प्राणवायू कमी जातो. तुमच्यासारख्या मोठ्या उणे नंबरात लेन्सची कड मध्यापेक्षा जाड असते, त्यामुळे कडेच्या भागाला तो आणखी कमी मिळतो आणि बऱ्याच वर्षांच्या वापरानंतर तेथे नव्या रक्तवाहिन्या शिरू शकतात. सिलिकॉन मिसळलेल्या नव्या पद्धतीच्या हायड्रोजेलमधून (सिलिकॉन हायड्रोजेल) प्राणवायू कितीतरी अधिक जातो, म्हणून तुम्ही त्याच प्रकाराचा आग्रह धरावा.

चष्म्याचा नंबर जसाच्या तसा लेन्सला देऊ नये, हेही लक्षात ठेवावे. चष्मा डोळ्यापासून सुमारे १२ मिलिमीटर दूर असतो आणि लेन्स डोळ्यावरच बसते, त्यामुळे ४ च्या वरच्या नंबरात फरक पडतो, −६.०० चा हिशेब लेन्ससाठी सुमारे −५.६० येतो. डाव्या डोळ्यासाठी टॉरिक, म्हणजे सिलिंडरचा नंबर असलेली, लेन्स लागेल. ती डोळ्यात फिरून त्या नंबराचा अक्ष (दिशा) बदलत तर नाही ना, हे चाचणीची लेन्स लावून, काही वेळ बसवून ठेवून तपासावे लागते. कॉर्नियाची वक्रता न मोजता, केवळ चष्म्याची चिठ्ठी पाहून लेन्स देणाऱ्या दुकानातून लेन्स घेऊ नये.

खसवाला:
नंबरांचे शास्त्र वर आले आहेच. मी अनेक वर्षे लेन्स वापरणारा म्हणून फक्त येथील हवेबद्दल लिहितो. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असताना आणि हवेत ओलावा नावाला असताना दुचाकीवरून वर्धा रोडने जाणे म्हणजे लेन्सला भट्टीपुढे धरण्यासारखे आहे. काच खाली केलेले हेल्मेट किंवा चारही बाजूंनी डोळे झाकणारा गॉगल नसेल, तर धूळ लेन्सखाली शिरते. घरी कूलरचा झोत थेट चेहऱ्यावर घेऊ नये, आणि कार्यालयात एसीखाली संगणकाकडे टक लावून बसताना पापण्या मुद्दाम लवत्या ठेवाव्यात. ओलाव्यासाठी थेंब टाकायचे असल्यास लेन्ससोबत चालणारे, प्रिझर्व्हेटिव्ह नसलेलेच टाकावेत. आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारी तासभर आडवे होण्याची रीत आहे. तेवढ्या झोपेसाठीसुद्धा लेन्स काढलीच पाहिजे, आळस करून चालत नाही. लेन्स धुण्या-भिजवण्याच्या सोल्युशनची बाटली गाडीच्या डिकीत ठेवू नये.

मानेवाडावासी:
दोघांचेही आभार. मग आठवड्यातून तीन दिवसांसाठी मासिक घ्यावी की रोज नवी? रोजची लेन्स फार महाग पडेल अशी भीती वाटते.

दृष्टीपट:
तुमच्या वापरासाठी मी रोजचीच सुचवेन. दोन्ही डोळ्यांचे नंबर वेगळे असल्याने तीस लेन्सचे दोन खोके घ्यावे लागतील, पण तीन दिवसांच्या हिशेबाने ते दहा आठवडे पुरतात. तेवढ्याच काळात मासिक लेन्सच्या तीन जोड्या लागतील, शिवाय सोल्युशन आणि डबी यांचा खर्च वेगळा. सिलिंडरची रोजची लेन्स साध्या लेन्सपेक्षा महाग असते हे खरे, त्यामुळे दोन्ही बाजूंची आजची किंमत दुकानात विचारून बेरीज करावी. वापर आठवड्यातून पाच-सहा दिवसांवर गेला, तर मात्र मासिक लेन्स परवडते. रोजची लेन्स रात्री धुऊन पुन्हा लावण्याचा मोह अजिबात धरू नये; ती तशा वापरासाठी बनवलेलीच नसते.

धंतोलीकर:
मासिक घेण्याचे ठरलेच, तर डबीकडे दुर्लक्ष करू नका. रोज जुने सोल्युशन ओतून द्यावे, त्यातच नवे भरून पातळी वाढवू नये. लेन्स तळहातावर बोटाने चोळून मगच भिजत ठेवावी, बाटलीवर ‘चोळण्याची गरज नाही’ असे लिहिले असले तरी. डबी सोल्युशननेच खळबळून उघडी, पालथी वाळवावी आणि तीन महिन्यांत बदलावी. नळाचे किंवा विहिरीचे पाणी लेन्सला आणि डबीला लागता कामा नये, कारण साध्या पाण्यात अकँथअमीबा नावाचा सूक्ष्मजीव असू शकतो आणि त्याचा कॉर्नियाला होणारा संसर्ग बरा होण्यास कित्येक महिने लागतात. म्हणूनच लेन्स लावून आंघोळ करणे किंवा पोहणे टाळावे. उघडलेली बाटली साधारण तीन महिन्यांनंतर शिल्लक असली तरी टाकावी. नेमकी मुदत बाटलीवर छापलेली असते.

मानेवाडावासी:
शेवटचा प्रश्न. डोळा लाल झाला, तर एखादा दिवस लेन्स न लावता वाट पाहिली तर चालेल का?

दृष्टीपट:
लेन्स काढल्यावर किरकोळ लाली काही तासांत ओसरली, तर चालेल. वेदना होत असतील, प्रकाश सहन होत नसेल, दिसणे अंधुक झाले असेल किंवा लाली वाढतच असेल, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जावे. औषधांच्या दुकानातून स्वतःच्या मनाने थेंब आणू नयेत, विशेषतः स्टिरॉइडचे, कारण संसर्ग असल्यास ते आजार बळावू देतात. डोळ्यावर पट्टीही बांधू नये. खासगी दवाखाना परवडत नसेल, तर नागपुरातील मेडिकल (शासकीय वैद्यकीय महाविद्यालय) आणि मेयो (इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय) या दोन्ही शासकीय रुग्णालयांत नेत्रविभाग आहेत. काढलेली लेन्स फेकू नये. ती डबीसकट सोबत न्यावी, म्हणजे कोणता जंतू आहे हे प्रयोगशाळेत तपासून औषध ठरवता येते.