मदत हवी आहे: चोपडा तालुक्यात साठीपुढच्यांसाठी फ्लूची लस

मंडळी, मृगाआधी गावोगावी साठीपुढच्यांना फ्लूची लस द्यायची आहे. आपल्याकडे पावसाळ्यात फ्लू वाढतो, आणि लशीचा असर यायला दोनेक आठवडे लागतात. जळगाव-धुळ्यात दक्षिण गोलार्धाच्या हंगामासाठी बनवलेली यंदाची लस कोणत्या घाऊक विक्रेत्याकडे मिळेल? गेल्या हंगामाचा साठा नको, मुदत शिल्लक असली तरी.

खरी अडचण उन्हाची. लस २ ते ८ अंशांतच राहायला हवी. मे महिन्यात पारा ४२च्या वर जातो, म्हणून घाबरून फ्रीझरमधले बर्फाचे पॅक तसेच डब्यात कोंबले जातात आणि लस गोठते. गोठलेली लस फेकायचीच, वितळवून चालत नाही. पॅक हलवल्यावर आत पाणी वाजलं की मगच भरायचे. चार पॅकचे लसीचे डबे आणि थर्मामीटर कोणी आठवडाभर देईल का?

दंडात ०.५ मिली टोचायला दोन सिस्टरही हव्यात. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर बारीक सुई, मग दोन मिनिटं दाबून धरायचं, चोळायचं नाही. अंगात ताप असेल त्यांना पुढची तारीख.

आणि "मागच्या वर्षी घेतली ना!" म्हणणाऱ्या आबांना तुम्ही कसं पटवता? विषाणू बदलतो, संरक्षण ओसरतं, एवढ्यावर ते ऐकत नाहीत.