मदत हवी आहे: गॅमा दिल्यावर काही महिन्यांनी पीपीची झाकणं तडकतात

नमस्कार मंडळी,

नाशिकजवळ एमआयडीसीत आमचं छोटं मोल्डिंग युनिट आहे. लघवीचे, थुंकीचे नमुने घ्यायच्या डब्या आम्ही पीपीमध्ये (पॉलिप्रॉपिलीन प्लास्टिक) काढतो. झाकण डबीला पातळ बिजागरीने जोडलेलं असतं. माल पाकिटबंद होऊन निर्जंतुक करायला गॅमा किरणांच्या प्लँटला जातो, डोस (मालाने शोषलेली किरणांची ऊर्जा) किमान २५ किलोग्रे.

परत येतो तेव्हा किंचित पिवळसर झाक सोडली तर माल उत्तम असतो. बिजागरी कितीही वेळा उघडा-मिटा, काही होत नाही. तोच माल गिऱ्हाइकाच्या गोदामात काही महिने पडून राहिला की पहिल्यांदा उघडतानाच झाकण कट्‌कन हातात येतं. तुटलेली कड पांढरट, कोरडी; नख फिरवलं तर भुगा सुटतो. त्याच लॉटमधले गॅमाला न पाठवलेले नमुने आमच्याकडे आहेत, ते आजही छान वाकतात. त्यामुळे साचा किंवा मशीनचं तापमान यात दोष नाही, एवढी खात्री आहे.

डोळ्यांपुढे नमुना सांडतो आणि आजारी माणसाला पुन्हा द्यावा लागतो, याचं फार वाईट वाटतं. प्लास्टिकचा कच्चा दाणा देणारा दाणेवाला म्हणतो, ग्रेड मेडिकल आहे. गॅमा प्लँटवाले डोसचा दाखला पुढे करतात. कोबाल्ट-६० च्या गॅमाने माल किरणोत्सारी होत नाही, हे मला ठाऊक आहे. मग किरणं थांबल्यावर आत काय चालू राहतं? आणि दाणा बदलायचा तर नेमकं काय मागायचं?

प्रतिसाद १

दादा, २५ किलोग्रे म्हणजे ग्रॅममागे फक्त २५ ज्यूल. तेवढ्याने पाणी जेमतेम सहा अंश तापेल. पण ही ऊर्जा रेणूंचे बंध तोडते. जिवाणूचा डीएनए असा जागोजागी तुटला की तो संपला. निर्जंतुकीकरण होतं ते यामुळेच. पीपीची साखळी तुटली की मागे मुक्तमूलकं, म्हणजे कशाशीही चटकन जुळणारे तुटके तुकडे, उरतात, आणि तुमचं दुखणं तिथे आहे. पीपीचा बराच भाग स्फटिकी असतो. त्यात अडकलेली मूलकं महिनोन्‌महिने टिकतात. बाहेरून ऑक्सिजन झिरपत राहतो, त्यातून पेरॉक्साइडं बनतात, ती फुटून नवी मूलकं तयार होतात आणि साखळ्या तुटतच राहतात. बिजागरी पातळ, तिथे ऑक्सिजन आरपार पोचतो. शिवाय सगळा ताण तिच्यावरच येतो.

मेडिकल ग्रेड म्हणजे रेडिएशन ग्रेड नव्हे, हे दाणेवाल्याला स्पष्ट सांगा. होमोपॉलिमर (नुसत्या प्रॉपिलीनचा दाणा) नको. गॅमासाठी स्थिर केलेला रँडम कोपॉलिमर (साखळीत मधेमधे थोडं एथिलीन असलेला) मागा, त्यात हिंडर्ड अमीन जातीचा स्टॅबिलायझर (मूलकं टिपणारं रसायन) असू द्या. पिवळेपणा बहुधा दाण्यातल्या फिनॉलिक अँटिऑक्सिडंटचा (ऑक्सिजनपासून वाचवणारं रसायन) आहे.

प्रतिसाद २

वरच्या उत्तराशी सहमत. मी क्वालिटीत काम करतो, म्हणून दाखल्याबद्दल लिहितो. २५ हा किमान आकडा झाला. तुम्ही कमाल आकडा विचारा. खोक्याच्या मधल्या मालाला २५ मिळावा म्हणून कडेच्या मालाला ३५-४० बसू शकतो. एखादा लॉट पुन्हा गॅमाला गेला असेल तर दोन्ही डोस बेरजेत धरायचे. लासलगावला कांद्याला कोंब फुटू नयेत म्हणून ६० ते ९० ग्रे पुरतात, आपण त्याच्या तीनशे-चारशे पट देतो!

नवा दाणा घ्याल तेव्हा कमाल डोस दिलेले नमुने ५५ अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवा. पाच ते सात आठवडे म्हणजे साध्या तापमानाचं वर्षभर, असा ठोकताळा आहे. मग बिजागरी वाकवून बघा. माल प्लँटवरून आला त्या दिवशी केलेल्या चाचणीवर मी तरी लॉट सोडणार नाही.

गॅमाऐवजी इलेक्ट्रॉन बीमचीही (वेगवान इलेक्ट्रॉनचा झोत) चौकशी करा. तिथे डोस काही सेकंदांत बसतो, त्यामुळे त्या वेळात आत शिरणारा ऑक्सिजन कमी असतो आणि पीपीची हानी बहुधा कमी होते. ईटीओत (एथिलीन ऑक्साइड वायूने निर्जंतुक करणं) हा त्रास नाही, पण पाकीट हवा जाणारं लागतं आणि नंतर वायू निघून जाईपर्यंत माल ठेवावा लागतो.

धागाकर्ता

दोघांचे मनापासून आभार. कमाल डोसचा आकडा आम्ही कधी मागितलाच नव्हता, आज मेल टाकतो. गिऱ्हाइकाला डबी आरपार दिसणारी हवी, पण पिवळेपणा अजिबात चालत नाही. एचडीपीईत (जास्त घनतेचं पॉलिएथिलीन) काढून बघू का?

प्रतिसाद १

एचडीपीई गॅमाला पीपीपेक्षा बरं टिकतं, पण बिजागरी पीपीइतकी चालणार नाही आणि डबी धुरकट दिसेल. रँडम कोपॉलिमर बऱ्यापैकी पारदर्शक असतो, तोच धरा. त्यात अगदी चिमूटभर निळी छटा मास्टरबॅचमधून (दाट रंगाचे दाणे) द्या, उरलेली पिवळी झाक दबते. छटा दिलेले नमुनेही ओव्हनमधून काढून बघा, मगच गिऱ्हाइकाला दाखवा.