मुक्त, खुला की मोकळा? 'ओपन सोर्स'साठी एक नाही, दोन शब्द हवेत

भाषांतरवाली_फोंडा
नमस्कार मंडळी, अडलंय म्हणून विचारतेय. शाळांच्या पालक-शिक्षक संघांसाठी एक पुस्तिका मराठीत करतेय, शाळेने सॉफ्टवेअर घेताना काय बघावं यावर. त्यात केंद्र सरकारचं २०१५ चं ओपन सोर्स धोरण येतं. मी 'मुक्तस्रोत' लिहिलं होतं, तपासणाऱ्यांनी सगळीकडे 'खुला स्रोत' केलं आणि दोन ठिकाणी चक्क 'मोफत'. 'मोफत' मी खोडणारच आहे, पण खरी अडचण पुढच्या पानावर आहे. तिथे एका कंपनीच्या मालाचं उदाहरण आहे, कोड (सॉफ्टवेअर ज्या सूचनांनी चालतं तो मूळ मजकूर) नेटवर कुणीही वाचावा पण तो चालवून दुसऱ्याला सेवा द्यायची नाही अशी परवान्यात अट. त्यालाही त्यांनी 'खुला स्रोत'च म्हटलंय! धोरणात तर स्वच्छ लिहिलंय की कोड अभ्यासता, बदलता, पुढे वाटता आला पाहिजे आणि त्यावर रॉयल्टी नको. मग या दोन्हींना एकच शब्द कसा? आणि जमलं तर 'व्हेंडर लॉक-इन'लाही, म्हणजे एकाच कंपनीच्या मालात अडकून पडण्याला, शब्द सुचवा, तिथे मी नुसती टिंबं देऊन ठेवलीत. सोमवारी छपाईला जायचंय.

सत्तरीचा_मास्तर
ताई, आधी एक. तुम्ही 'स्रोत' बरोबर लिहिलंत म्हणून बरं वाटलं, नाहीतर दहापैकी आठजण 'स्त्रोत' लिहितात. मूळ धातू 'स्रु', वाहणे. स्राव, स्रवणे सगळे तिथलेच, त्यात 'त' मध्ये घुसायचं कारणच नाही. 'स्तोत्र' तोंडात बसलेलं असतं म्हणून होतं बहुतेक. पुस्तिका पालकांच्या हातात जाणार तर कंपोझ करणाऱ्याने परत 'स्त्रोत' केलं नाही ना ते बघा.

खाजनकाठ
मला 'खुला' आणि 'मुक्त' दोन्ही पटत नाहीत. आपल्याकडे शब्द आहेत की. 'उघडा' आणि 'मोकळा'. दार उघडं असतं, वाट मोकळी असते. उघड्या दारातून आत दिसतं, पण आत जायची मुभा असेलच असं नाही, वाट मोकळी म्हणजे चालू लागा. ताईंना हव्या असलेल्या दोन गोष्टी याच ना? कंपनीचा तो कोड 'उघडा', आणि धोरणात म्हटलाय तो 'मोकळा'. कोंकणीत दार 'उगतें' म्हणतात ते आपल्या उघड्याच्याच जवळचं. आणि मोकळा हा मुक्तच्याच घरातला, प्राकृतातून आलेला, म्हणजे 'मुक्त'वाल्यांनीही रागावू नये.

आमच्या शेताला मानस आहे, खाजनवाल्यांना, म्हणजे खाडीकाठी बांध घातलेल्या शेतांच्या लोकांना, माहीत असेल, बांधातलं लाकडी दार. ओहोटीला आतल्या पाण्याच्या जोराने आपोआप उघडतं, भरती आली की बाहेरच्या पाण्यानेच बंद होतं. लहानपणी मला वाटायचं दार आहे म्हणजे दोन्हीकडून ये-जा असणार, तर वडिलांनी एकदा भरतीच्या वेळी हात लावून बघायला सांगितलं, फळी हलेना. पाणी एकाच दिशेने जातं. मोठ्या कंपन्यांचं ओपन सोर्स बघितलं की मला ती फळी आठवते. लोकांचं काम आत जातं, आतलं बाहेर केव्हा येईल ते कंपनी ठरवते.

सर्व्हरवाला
खाजनकाठ, फळीचं पटलं, पण मोठ्या कंपन्या म्हणजे सगळ्या नव्हेत, नीट सांगतो कारण गेली सात-आठ वर्षं हेच बघतोय. डेटाबेसवाल्या मोंगोडीबीने २०१८ मध्ये परवाना बदलला, शोधयंत्रणावाल्या इलॅस्टिकने २०२१ मध्ये, हॅशिकॉर्पने सर्व्हर उभारायच्या टेराफॉर्मचा ऑगस्ट २०२३ मध्ये, डेटाबेसवाल्याच रेडिसने मार्च २०२४ मध्ये. दरवेळी तेच, आधी सगळ्यांसाठी म्हणून वाढवायचं, लोक बग शोधतात, दुरुस्त्या पाठवतात, शिकवण्या घेतात, आणि जम बसला की अटी. मग लोकांना जुन्या कोडवरून वेगळी चूल मांडावी लागते, टेराफॉर्मवरून ओपनटोफू निघालं, रेडिसवरून व्हॅल्की. इलॅस्टिक आणि रेडिसने पुढे एजीपीएल या मुक्त परवान्याचा पर्यायही दिला हे खरं, पण मधल्या काळात ज्यांनी रात्री जागून सगळं हलवलं त्यांचं काय.

हे करता येतं कारण कितीतरी ठिकाणी बाहेरून काम देणाऱ्याकडून आधी करार लिहून घेतात, की तुमच्या कोडचा परवाना आम्ही पुढे बदलू शकतो. लिनक्स कर्नेलचं, म्हणजे लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचं, तसं नाही. परवाना जीपीएलची दुसरी आवृत्ती, म्हणजे बदललेला कोड पुढे दिला तर तोही त्याच अटींवर द्यायचा, आणि हक्क हजारो लोकांकडे विखुरलेले. आपल्याकडे फॉर्म एक-चौदावर, म्हणजे गोव्यातल्या जमिनीच्या उताऱ्यावर, पन्नास नावं असली की जमीन विकताना सगळ्यांच्या सह्या गोळा करता करता पिढी जाते ना, तसंच. जमिनीच्या बाबतीत ते डोकेदुखी, इथे तेच कुंपण आहे. म्हणून शब्द शोधायचा तर कोड दिसतो की नाही यावर नको, तो परत काढून घेता येतो का यावर शोधा.

गावकार_नव्हे
मग 'गावकारी' म्हणा की! कोमुनिदादची, म्हणजे गोव्यातल्या जुन्या गावसंस्थेची, जमीन कुणा एकाच्या नावावर नसते, सगळ्यांची मिळून असते, उत्पन्नातला वाटा गावकारांना, म्हणजे गावच्या मूळ घराण्यांतल्यांना, मिळतो. गोव्याच्या वाचकाला 'गावकारी संहिता' (संहिता म्हणजे कोड) म्हटलं की लगेच कळेल.

भाषांतरवाली_फोंडा
पण गावकार जन्माने होतात, तेही पुरुषाच्या वंशातून. मी गावात जन्मले, तिथेच वाढले, तरी मी गावकार नाही. जीपीएलचा कोड मला कुणी कूळ न विचारता मिळतो. सामायिक म्हणजे मोकळं नव्हे, हा शब्द मी घेणार नाही.

गावकार_नव्हे
मान्य. माझ्या नावातच ते आहे आणि तरी मला सुचलं नाही.

साधी_मराठी
मला एक कळत नाही, 'ओपन सोर्स' लिहिलं तर काय बिघडतं? मुलं, शिक्षक, दुकानदार सगळे तेच म्हणतात. उद्या पालक शाळेत जाऊन 'मोकळी आज्ञावली' मागेल तर समोरचा बघतच राहील.

सत्तरीचा_मास्तर
'महापौर' आणि 'दिनांक' लाही कधीतरी लोक बघतच राहिले असतील. वापरल्याशिवाय रुजणार कसा शब्द? इंग्रजीत स्वातंत्र्याला आणि फुकटाला एकच 'फ्री' म्हणून त्यांचा घोळ, 'फ्री सॉफ्टवेअर'ची चळवळ सुरू करणारे रिचर्ड स्टॉलमन १९८३ पासून समजावत बसले. मराठीत मुक्त वेगळं, फुकट वेगळं. आयतं मिळालेलं आपण का टाकायचं?

सर्व्हरवाला
मास्तर, त्यात अजून एक आहे. 'ओपन सोर्स' हा शब्दच फेब्रुवारी १९९८ मध्ये मुद्दाम घडवलाय, नेटस्केपने ब्राउझरचा कोड देणार म्हणून जाहीर केल्यावर महिन्याभरात. क्रिस्टीन पीटरसन यांनी सुचवला, 'फ्री'मुळे लोक किमतीतच अडकतात म्हणून, आणि धंदेवाल्यांना तो सोयीचा झाला. स्वातंत्र्याचा उल्लेख गेला, सोयीचा राहिला. तेव्हा साध्या मराठीचं म्हणणं ऐकून 'ओपन सोर्स' ठेवलं तर ती सगळी धूसरता मराठीत आपोआप येते.

साधी_मराठी
धूसरता शब्दात नाही, वापरणाऱ्यांच्या मनात आहे. 'मोकळा' रुजला तर कंपन्या त्याचीही जाहिरात करतील.

खाजनकाठ
कंपन्यांचं सोडा, सरकारचं बघा. आरोग्य सेतू २ एप्रिल २०२० ला आलं, २६ मे ला कोड खुला केला म्हणून जाहीर झालं, आणि तेव्हा आला तो फक्त अँड्रॉइड ॲपचा. आपली माहिती जिथे जाऊन पडते त्या सर्व्हरचा नाही. त्याला काय म्हणणार, अर्धा उघडा? २०१५ च्या धोरणात तर ओपन सोर्सला पसंती द्यायची आणि बंद सॉफ्टवेअर घ्यायचं तर कारण द्यायचं असं आहे. ती कारणं एकदा लोकांसमोर ठेवा एवढंच माझं मागणं आहे.

टायपिंगवाली_म्हापसा
मी दोन दिवस वाचतेय, आता लिहिते. मी मराठी टायपिंग करते, बावीस वर्षं झाली. एका कार्यालयाचं जुनं काम आलं, सगळे ठराव एका विकतच्या फाँटात टाइप केलेले, युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या संगणकांवर सारख्या चालणाऱ्या अक्षरपद्धतीच्या, आधीचे. फाँट करणारे आता नाहीत, फाईल उघडली की इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची रांग. कागदावरची छापील प्रत समोर ठेवून मी ते सगळं परत टाइप केलं, 'ठराव सर्वानुमते' हे दोन शब्द किती वेळा लिहिले असतील. आपलीच भाषा, आपलेच ठराव आणि वाचता येईनात. ताईंनी 'लॉक-इन' विचारलंय ना, ते हेच. आमच्या घरी गुराला दावणीला बांधतात, दावं लांब असलं की दिवसभर त्याला वाटतं मोकळं आहे, ताण बसतो तेव्हाच कळतं. 'दावणीला बांधलेलं' असं लिहा.

सर्व्हरवाला
दावण! यापुढे मी कामावर हाच वापरणार.

सत्तरीचा_मास्तर
शब्द चांगला, फक्त दावण आणि दावं एक नव्हे. दावण म्हणजे गुरं ओळीने बांधायची ती जागा किंवा लांब दोर, गळ्यात असतं ते दावं. एका कंपनीत अडकलेल्या एका शाळेला 'दावं' जास्त बरोबर, सगळ्या शाळा एकाच मालात अडकल्या तर 'दावण'.

टायपिंगवाली_म्हापसा
आमच्याकडे दोन्हीला दावणच म्हणतात मास्तर.

सत्तरीचा_मास्तर
म्हापशात म्हणत असतील, सत्तरीत नाही म्हणत.

भाषांतरवाली_फोंडा
मंडळी, दावणीबद्दल मनापासून आभार, टिंबं भरली. पहिल्याला 'मुक्तस्रोत' ठेवतेय आणि कंपनीच्या त्या मालाला सध्या 'कोड दाखवलेलं, पण अटी घातलेलं' असं लांबलचक लिहून पाठवतेय, कारण तपासणारे 'उघडा'ला नाही म्हणाले, उघडा म्हणजे कपड्यांविना वाटतं म्हणे. एका शब्दात कुणाला सुचलं तर रविवार रात्रीपर्यंत सांगा.

खाजनकाठ
उघडं पुस्तक म्हणतो तेव्हा कुणाला कपडे आठवतात? त्यांना परत विचारा.

साधी_मराठी
मास्तर, पेडण्याकडे दाव्याला 'दावें' म्हणतात, ते कुठे बसवणार?