मदत हवी आहे: घरच्या गाड्यांसाठी ट्रॉली जॅक कोणता घ्यावा? (अंगण मातीचं आणि चिऱ्याचं आहे)

चिरेबंदी

नमस्कार मंडळी. प्रश्न साधा आहे, पण दुकानदाराने मला दोन मिनिटांत गुंडाळलं, म्हणून इथे जरा ऐसपैस लिहिते.

आम्ही देवरुखजवळच्या एका वाडीत राहतो. घरात २०१८ ची स्विफ्ट (पेट्रोल, टायर १६५/८० आर १४) आणि भावोजींची बोलेरो. नवरा बोटीवर असतो, त्यामुळे स्विफ्टचं सगळं मीच बघते. एअर फिल्टर, बॅटरी, आणि मेकॅनिक शेजारी उभा असताना एकदा पुढचे ब्रेक पॅड, एवढं करून झालंय. आता चाकं आलटून पालटून लावणं, पॅड बदलणं आणि पावसाळा सरला की खालचा चिखल धुऊन गंज कुठे धरलाय ते बघणं, हे घरच्या घरी करायचंय.

जुलैत घरापासून हाकेच्या अंतरावर चाक बसलं. स्टेपनीबरोबर येतो तो कात्रीसारखा जॅक लावला. मी हँडल फिरवतेय आणि गाडी आहे तिथेच! बघते तर जॅकचं बूड लाल चिखलात चार बोटं रुतलेलं. मामंजी छत्री घेऊन उभे होते. एक शब्द न बोलता घरी गेले आणि जेवायला बसायचा फणसाचा पाट घेऊन आले. तो खाली घातला तेव्हा कुठे गाडी उचलली. पाटावर जॅकच्या बुडाचा चौकोन कायमचा उमटलाय, आणि सासूबाई तो पाट अजून पंक्तीला मांडू देत नाहीत.

त्यानंतर रत्नागिरीला दुकानात गेले. त्याने तीन नग दाखवले. एक, पेटीसकट दोन टनी ट्रॉली जॅक (छोट्या चाकांवर सरकणारा, आडवा), २६०० रुपये, उंची १३.५ ते ३३ सेंटिमीटर, एका हाताने उचलता येतो. दुसरा तीन टनी, लांबलचक, १३.५ ते ५० सेंटिमीटर, ९५०० रुपये, वजन तीस किलोच्या घरात. तिसरा बॉटल जॅक (बाटलीसारखा उभा), १४०० रुपये. म्हणाला, "ताई, तुमची गाडी एक टनाची पण नाही, दोन टन म्हणजे डबल झालं. कशाला उगाच पैसे घालवता?"

हिशेब बरोबर वाटतो, पण मन धजत नाही. शिवाय अंगण अर्धं मातीचं, अर्धं चिऱ्याच्या फरसबंदीचं. काय करू? आणि गाडी उचलल्यावर खाली आधाराला जांभ्याचे चिरे लावले तर चालतील का? आवारात ढिगाने पडलेत.

पाना नंबर सतरा

ताई, कोल्हापुरात उद्यमनगरला वीस वर्षं काढलीत, त्या जोरावर सांगतो. टन बघू नका, उंची बघा. स्विफ्टचा एक कोपरा उचलायला तीनशे किलोच्या आसपास जोर लागतो, तो तिन्ही जॅकना झेपेल. दुकानदार खोटं बोलला नाही, फक्त नको त्या प्रश्नाचं उत्तर दिलं.

खरी गोम अशी. दाराखालच्या पट्टीला जॅक लावून उचलायला लागलं की पहिले कित्येक सेंटिमीटर चाक जमीन सोडतच नाही. दबलेली स्प्रिंग आधी मोकळी होते, चाक खाली लोंबतं, मग उठतं. म्हणजे पट्टीची मूळची उंची, अधिक ही लोंबण, अधिक चाक काढायला लागणारी जागा. ३३ मध्ये चाक जेमतेम निघेल. पण खाली घोडी (जॅक स्टँड) लावायची म्हणाल, तर बाजारातल्या तीन टनी घोडीची सगळ्यात खालची खाचच साधारण २८ सेंटिमीटरवर असते. ती सरकवायला गाडी त्याहून वर हवी. छोट्या जॅकची दमछाक इथे होते. मग माणूस काय करतो, जॅकच्या डोक्यावर लाकडाचे दोन ठोकळे चढवतो. ते ठोकळे निसटताना मी पाहिलेत. नशिबाने गाडीखाली कुणी नव्हतं.

आज टेप घेऊन पट्टीची उंची मोजा आणि इथे टाका. ग्राउंड क्लिअरन्स १६३ मिलिमीटर छापतात, तो पोटाच्या सगळ्यात खालच्या भागाचा. पट्टी त्याच्या जरा वर असते.

बाकावरचा

बॉटल जॅक घ्या हो. आमच्या ट्रकवाल्यांची सगळी कामं त्याच्यावर होतात.

पाना नंबर सतरा

ट्रकखाली एक हात जागा असते राव. बॉटल जॅक मिटवला तरी त्याची उंची १६ ते १९ सेंटिमीटर. बोलेरोला मागच्या अॅक्सलखाली मस्त बसेल, स्विफ्टला चाक बसलेलं असताना शिरणारच नाही. शिवाय बूड तळहाताएवढं. ताईंच्या चिखलात परत पाट आणावा लागेल.

मिशिगनवासी

मी इथे गराजमध्ये कमी उंचीचा अॅल्युमिनियमचा जॅक वापरतो, मिटवल्यावर नऊ सेंटिमीटरच्या आत बसतो आणि वजनालाही हलका. पण इथली जमीन सपाट काँक्रीटची, तुमच्याकडे तो किती चालेल सांगता येत नाही.

घोडीबद्दल मात्र जरूर सांगेन. २०२० मध्ये इथल्या एका मोठ्या दुकानसाखळीने लाखो घोड्या परत मागवल्या. दातऱ्यात अडकणारं पातं भाराखाली सुटत होतं. बदली म्हणून दिलेल्यांतही काहींचं वेल्डिंग कच्चं निघालं! तेव्हापासून मी आरपार पिन घालायची घोडी वापरतो. उंची बदलायला दोन मिनिटं जास्त लागतात, पण पिन डोळ्यांना दिसते.

चिरेबंदी

मोजलं. पुढच्या चाकामागे पट्टी साडेएकोणीस सेंटिमीटरवर आहे. मग म्हटलं खरी परीक्षा करू, त्या चाकाची सगळी हवा सोडली आणि परत मोजलं, तर साडेबारा! म्हणजे दुकानातले दोन्ही ट्रॉली जॅक शिरणारच नाहीत की. (हवा परत भरायला पायपंपाने अर्धा तास गेला. मामंजी ओटीवरून बघत होते, म्हणाले, "मुद्दाम पंक्चर करणारी तू पहिलीच.")

अजून एक. पट्टीला खाचा आहेत तिथेच जॅक लावायचा, मॅन्युअलमध्येही तेच चित्र आहे. मग त्याच जागी घोडी कशी लावायची?

पाना नंबर सतरा

मामंजींना नमस्कार सांगा. परीक्षा अगदी योग्य केलीत, गिऱ्हाइकं हे कधीच करत नाहीत.

चाक बसलेलं असेल तर आधी ते दोन इंची फळीवर चढवायचं, दोन हात पुढे चालवलं तर टायरला काही होत नाही. फळीवर चढलं की पाच सेंटिमीटर मिळाले, जॅक आत. आणि खरं सांगायचं तर रस्त्यातल्या पंक्चरला तुमचा कात्री जॅकच बरा, फक्त डिकीत एक फूटभर फळी कायम ठेवा. ट्रॉली जॅक घरचा, हवा भरलेल्या चाकांच्या कामाचा. त्यासाठी १३.५ पुरेसे.

दोन गोष्टी एका जागी मावत नाहीत हे बरोबर. म्हणून पुढे जॅक मधल्या जाड सबफ्रेमला (इंजिनखालच्या लोखंडी चौकटीला) लावतात आणि घोड्या दोन्ही बाजूंच्या पट्टीच्या खाचांखाली. तुमच्या मॉडेलला सबफ्रेमचा नेमका कुठला भाग चालतो ते सर्व्हिस सेंटरला गाडी वर असताना बोट दाखवून विचारून घ्या. ऑइल पॅनला (इंजिनच्या तळाच्या तेलाच्या भांड्याला) चुकूनही लावू नका, आणि मागच्या टॉर्शन बीमच्या (दोन मागच्या चाकांना जोडणाऱ्या आडव्या दांड्याच्या) मधोमध नको. बोलेरोचं सोपं, खाली चेसिसची जाड चौकट आहे आणि मागे पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा). अॅक्सलखाली लावलात की चाक लगेच उठतं, लोंबण मोजायची भानगडच नाही.

कोकणातली गाडी म्हणून एक जादा काम: पट्टीला जॅक लावण्याआधी स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून बघा. खणखणीत वाजली तर ठीक. भद्द आवाज आला, पापुद्रे निघाले, तर तिथे भार देऊ नका. आणि जॅकच्या डोक्यावर खाच पाडलेला रबरी पॅड ठेवा, नाहीतर पट्टी वाकते, रंग उडतो आणि गंजाला नवीन घर मिळतं.

घाटावरून खाली

मी संगमेश्वरचाच, आमच्याकडेही असंच अंगण. सगळे गाडीकडे बघतायत, पण ट्रॉली जॅकचा जीव त्याच्या चाकांत असतो हे कुणी लिहिलं नाही. त्याचा हात सरळ वर जात नाही, कमानीत जातो. म्हणून गाडी वर जाताना जॅकने गाडीखाली सरकत जायला हवं. चाकं मातीत रुतली किंवा दोन चिऱ्यांच्या फटीत अडकली की जॅक जागचा हलत नाही, मग त्याचं डोकं पट्टीवरून सरकायला लागतं किंवा गाडीच ओढली जाते. मी दसऱ्याची गाडी धुताना हे अनुभवलंय. कट्ट असा आवाज झाला, आणि जॅकचं डोकं खाचेपासून चार बोटं लांब.

फॅब्रिकेशनवाल्याकडून तीन फूट बाय दोन फूट, सहा मिलिमीटर जाडीची लोखंडी प्लेट कापून घ्या, सत्तावीस किलोच्या आसपास भरेल. चिऱ्याच्या भागावर टाका, मातीवर नको. घोड्यांखालीही प्लेटचे तुकडे ठेवा. प्लायवूडवर छोटी लोखंडी चाकं खळगा पाडतात.

आणि चिऱ्याचं म्हणाल तर अजिबात नको! भिंतीत चिरा चारी बाजूंनी धरलेला असतो, भार सगळ्या अंगावर पसरतो. पट्टीची धार म्हणजे सुरीच. एका कडेवर भार आला की जांभ्याचा तुकडा उडतो, आधी सूचना देत नाही. विटांचं तेच.

पाना नंबर सतरा

+१. हे मीच लिहायला हवं होतं. आमच्याकडे कोबा असतो, त्यामुळे डोक्यात आलं नाही.

चिरेबंदी

तीन टनी घेतला, शिवाय पिनवाल्या दोन घोड्या. प्लेट देवरुखातून कापून आणली. दुकानात भावोजींच्या बोलेरोचं मागचं चाक उचलून वीस मिनिटं तसंच ठेवायला लावलं, खडूने दांड्यावर खूण केली, तसूभरही बसला नाही. दुकानदार जरा वैतागला होता.

रविवारी पुढची दोन्ही चाकं काढली. नट जमिनीवर असतानाच ढिले केले, मागच्या चाकांना दोन्हीकडून दगड, हँडब्रेक, काढलेली चाकं पट्टीखाली आडवी सरकवून. सगळं नीट झालं. फक्त खाली सोडताना गडबड. हँडल जरा फिरवलं आणि गाडी धाडकन आली. रिकामा असताना मात्र तोच जॅक ढिम्म बसत नाही, पायाने दाबावा लागतो. व्हॉल्व्ह खराब आहे का?

पाना नंबर सतरा

नाही, सगळ्यांचं असंच. वर भार असेल तर तेल जोरात परत फिरतं, रिकामा असेल तर त्याला ढकलणारं कुणी नसतं. भरलेला सोडताना हँडल दोन्ही हातांनी धरा आणि घड्याळाचा मिनिटकाटा सरकतो तेवढंच फिरवा, हिस्स आवाज आला की थांबा. गाडी आपोआप उतरते.

पंप मारताना स्पंजासारखं लागलं तर आत हवा आहे: व्हॉल्व्ह उघडा ठेवून रिकामाच दहा-पंधरा वेळा पंप मारा. तेल कमी वाटलं तर हायड्रॉलिक जॅक ऑइलच घाला, घरात ब्रेक ऑइलची बाटली पडलीय म्हणून ते ओतू नका, सील फुगून जातात. आणि ठेवताना पूर्ण मिटवून ठेवा, चकचकीत दांडा बाहेर राहिला तर तुमच्याकडच्या हवेत एका पावसाळ्यात त्यावर पुळ्या येतील.

चिरेबंदी

मिनिटकाट्याची युक्ती चालली, आज तीन वेळा करून बघितलं. दांडा मात्र दोन दिवस बाहेरच होता. आत्ता जाऊन मिटवते.