फ्रान्सच्या कालव्यांतून जाण्याआधी मास्ट कुठे उतरवावी? सल्ला हवा

सोलेंटवासी
नमस्कार मंडळी. आमची ३१ फुटी शिडाची बोट साउदॅम्प्टनजवळ असते. जूनमध्ये ती भूमध्य समुद्रात न्यायचं ठरलंय. मार्ग असा: ल हाव्र, रुआं, पॅरिस, मार्न नदी, शांपेन-बूर्गोन्य कालवा, सोन, ऱ्होन या नद्या आणि शेवटी भूमध्य समुद्रावरचं पोर्-सँ-लुई. मास्ट, म्हणजे शिडाचा उभा खांब, साडेअकरा मीटरची, डेकवर टेकलेली. कालव्यांवरच्या पुलांखाली साडेतीन मीटरच उंची मिळते, त्यामुळे ती उतरवावीच लागणार. ल हाव्रला उतरवू की रुआंपर्यंत उभी नेऊ? आणि नंतर डेकवर आडवी न्यावी की ट्रकने पुढे पाठवावी? क्रेन, लाकूड सगळं धरून ५०० युरोंत बसवायचंय. सोबत बायको आणि सत्तरीचे बाबा आहेत. बाबांचे गुडघे दुखतात.

दर्याकाका
ट्रक. दुसरा विचारच करू नका. आमची ४० फुटी, आम्ही मास्ट ट्रकने पाठवली आणि डेकवर खुर्च्या टाकून महिनाभर प्रवास केला. लॉकमध्ये (पाण्याची पातळी बदलून बोट वर-खाली नेणाऱ्या दरवाजांच्या हौदात) पुढे-मागे पळायला जागा मोकळी. बाबांसाठी तर हेच बरं. थोडे पैसे जास्त जातील.

सोलेंटवासी
काका, मला सांगितलेला ट्रकचा दर माझ्या सगळ्या बजेटच्या दुप्पट आहे.

दर्याकाका
एकदाच तर जाताय. अशा ठिकाणी हात आखडू नये.

रॉटरडॅमकर
मास्ट उतरवायचीच कशाला? नेदरलँड्समध्ये फ्लिसिंगनपासून डेल्फझाइलपर्यंत मास्ट उभी ठेवून आतल्या पाण्यातून जाता येतं, पूल उघडून देतात. आम्ही दोनदा केलंय. फार सुंदर मार्ग आहे.

नॉर्मंडीची_सून
पण त्यांना भूमध्य समुद्रात जायचंय हो.

मी रुआंच्या बाजूने. तिथवरचे सगळे पूल उंच आहेत. रुआंतला फ्लोबेर पूल उचलण्याचा आहे, पण बोटी त्याच्या अलीकडच्या सँ-जेर्व्हे बेसिनमध्येच मास्ट उतरवतात. ल हाव्र ते रुआं साधारण १२० किलोमीटर. भरती सुरू होताच निघालात तर तिच्याच जोरावर एका दिवसात पोहोचता. तिथे हौशी बोटींना रात्री चालायला बंदी आहे, म्हणून दिवस मोठा आणि भरती सकाळची अशी तारीख निवडा. मध्ये थांबायला धड जागा नाही, काठ दगडी, आणि मोठ्या जहाजांच्या लाटांनी बोट गदागदा हलते. अशा वेळी डेकवर आडवी मास्ट असणं मला तरी नको वाटतं.

बरणीवाला
आम्ही डेकवर नेली आणि आमचं काय झालं ते सविस्तर लिहितो, कारण हे आधी कुणी सांगितलं नव्हतं.

मास्ट बोटीपेक्षा लांब असते, त्यामुळे टोक बाहेर राहतं. आमचं सगळं पुढे राहिलं होतं, जवळपास दीड मीटर. मार्नवरच्या एका लॉकमध्ये पाणी आत आलं, नाक वळलं आणि मास्टचं टोक भिंतीतल्या लोखंडी शिडीत अडकलं. बोट वर चढतेय आणि टोक अडकलेलं. बायकोने ओरडून पाणी थांबवायला लावलं. वरचा दिवा फुटला, वाऱ्याचं यंत्र आधीच काढलं होतं म्हणून वाचलं. तेव्हा लांबी पुढे-मागे वाटून घ्या, दोन्ही टोकांना फोम गुंडाळा आणि लाल फडकं बांधा.

दुसरं, फर्लरची, म्हणजे पुढचं शीड गुंडाळायच्या यंत्राची, नळी. तिला स्वतःचा ताठपणा नसतो. मास्टला जागोजागी बांधा, नाहीतर मध्येच वाकते. आमची वाकली.

तिसरं, पिना. मी मास्टच्या तारा अडकवायच्या सगळ्या पिना आणि स्प्लिट पिना लोणच्याच्या रिकाम्या बरणीत टाकल्या. पोर्-सँ-लुईला उघडली तर कुठली पीन कुठली ते कळेना आणि दोन कमी. रविवार होता, दुकानं बंद. प्रत्येक तारेची पीन त्याच तारेला टेपने बांधा, वर डावी-उजवी लिहा, टर्नबकलचे (तारा ताणायच्या स्क्रूचे) आटे किती बाहेर होते तेही मोजून ठेवा.

सातासमुद्रापार
डोलकाठी म्हणा की. इतका चांगला शब्द असताना मास्ट का?

रॉटरडॅमकर
दुकानात डोलकाठी मागून बघा.

सातासमुद्रापार
दुकानात नाही, इथे म्हणतोय मी. मालवणात आमचे आजोबा डोलकाठीच म्हणायचे.

फिरस्ती_अनघा
बिस्केच्या उपसागरातून जिब्राल्टरने गेलात तर मास्ट उतरवायचा प्रश्नच मिटतो.

बरणीवाला
२०२० पासून त्या किनाऱ्यावर ओर्का (किलर व्हेल) बोटींची सुकाणू मोडतायत. वयस्कर माणूस सोबत असताना मी तरी हे सुचवणार नाही.

नॉर्मंडीची_सून
पासपोर्ट ब्रिटिश असो की भारतीय, तुम्हाला शेंगेन देशांत १८० दिवसांत ९०च दिवस राहता येईल. आयसीसीवर (बोट चालवायच्या आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्रावर) आतल्या पाण्याची नोंद आणि सेव्हनीचं (युरोपातल्या नद्या-कालव्यांच्या नियमांचं) पुस्तक बोटीवर हवं. व्हीएनएफचा (फ्रान्सच्या जलमार्ग खात्याचा) टोलही भरा. फेंडर (भिंतीचा धक्का बसू नये म्हणून बाजूला टांगतात ते) म्हणून टायर लावू नका, चालत नाहीत, बुडून लॉकच्या दरवाजात अडकतात.

कालवा_दर_कालवा
उशिरा लिहितोय. मास्ट कुठेही उतरवा, पण निघायच्या आठवड्यात व्हीएनएफच्या सूचना पाहा. उन्हाळ्यात पाणी कमी पडलं की शांपेन-बूर्गोन्य कालवा बंद होऊ शकतो. मग लोआं, ब्रियार, लोआर आणि सांत्र या कालव्यांचा पश्चिमेचा मार्ग धरावा लागतो. तो लांब नाही, उलट थोडा जवळचाच आहे. आणि पोर्-सँ-लुईला दोन-तीन दिवस हातात ठेवा. मिस्ट्राल (तिथला उत्तरेचा जोराचा वारा) सुटला की क्रेन चालत नाही.

दर्याकाका
ट्रकने पाठवली असती तर तिथे आधीच पोहोचून तयार असती.

सोलेंटवासी
सगळ्यांचे मनापासून आभार. बरणीवाल्यांचा प्रतिसाद छापून बोटीवर ठेवतोय.

ठरलं ते असं: ल हाव्रलाच उतरवणार आणि डेकवर नेणार. रुआं बरोबर आहे हे पटतंय, पण बाबा पोर्ट्समथहून फेरीने थेट ल हाव्रला येतील, आणि मेव्हणा दोन दिवस तिथे हाताशी आहे. रुआंपर्यंत तो येऊ शकत नाही. पुढे भलत्या ठिकाणी एकट्याने मास्ट पेलण्यापेक्षा ओळखीचे चार हात असतील तिथेच करतो. नदीतल्या लाटांसाठी तीन आधार करतोय, पुढे, मध्ये आणि मागे, लाकूड घरीच कापून नेणार. मास्ट इतकी उंच ठेवतो की बाबांना वाकावं लागणार नाही.

बरणीवाला
आधारांना खिळे नकोत, बोल्ट लावा आणि तिरक्या पट्ट्या द्या. आमचा मधला आधार आडवा हलायला लागला होता. बाबांची उंची मोजून मगच लाकूड कापा. वर चार बोटं जास्तच ठेवा, टोपी घालतील.