मदत हवी आहे: आईचं बीपी, संधिवात आणि मीठ

आईला रुमॅटॉइड संधिवात आहे (शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यांवर उलटून दाह होतो तो) आणि बीपीसाठी टेल्मिसार्टन चालू आहे. तरी सकाळचं बीपी १५०/९० च्या आसपासच असतं. डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलंय. जेवणात वरून मीठ घेणं तिने बंद केलंय, पण दिवसाला ५ ग्रॅमच्या आत राहायचं तर विकतच्या खाण्यातलं मीठही मोजायला हवं. काल सूपच्या पाकिटावर सोडियम ८०० मिलिग्रॅम दिसलं. अडीचने गुणलं की एका वाटीतच २ ग्रॅम मीठ!

मीठ शरीरात पाणी धरून ठेवतं म्हणून बीपी वाढतं, हे माहीत होतं. आता वाचलं की जास्त मिठामुळे टीएच-१७ नावाच्या, दाह वाढवणाऱ्या पेशी जास्त तयार होतात. २०१३ मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात हे संशोधन आलं होतं, पण ते प्रयोगशाळेतल्या पेशींवर आणि उंदरांवर. मीठ कमी केल्यावर कुणाच्या सांध्यांची सूजही उतरली का? तिला दोन्हीकडून त्रास होतोय, म्हणून जीव तुटतो. आणि पोटॅशियमवालं लो-सोडियम मीठ आणू का?

प्रतिसाद:
ते मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणू नका. टेल्मिसार्टनने पोटॅशियम आधीच वाढू शकतं, त्यात मूत्रपिंड कमजोर असेल तर हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होतो. आधी रक्तातलं क्रिएटिनिन (यावरून मूत्रपिंडाचं काम कळतं) आणि पोटॅशियम तपासा. सूज उतरेल या आशेवर संधिवाताचं औषध मात्र कमी करू नका, मीठ बीपीसाठी कमी करा. मला वेगळीच शंका येतेय. आई दुखण्यावर काय घेतात? डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्यांनी मूत्रपिंड सोडियम धरून ठेवतं, बीपी चढतं आणि टेल्मिसार्टनचा असरही कमी होतो. पाण्यात फसफसणाऱ्या गोळ्या असतील तर त्यांच्यातही बरंच सोडियम असतं.

धागाकर्ती:
डायक्लोफेनॅकच घेते, रोज रात्री! बीपीच्या डॉक्टरांना हे सांगितलेलंच नाही, ती गोळी संधिवाताच्या डॉक्टरांची. उद्याच दोघांनाही फोन करते. ही गोळी बदलून कुणाचं बीपी खाली आलंय का? बदलून काय दिलं होतं, आणि रात्रीचं दुखणं सोसवलं का? कृपया लिहा.