लिनक्स आणि बीएसडी सोडून रोजच्या वापराची डेस्कटॉप प्रणाली कोणती?

प्रश्न:
गेली बारा वर्षे मी लिनक्स आणि मधल्या काळात फ्रीबीएसडी (बीएसडी कुळातील एक) या यूनिक्सच्या धर्तीच्या मुक्त प्रणाली वापरत आलो आहे. तक्रार अशी काही नाही, पण वितरण (म्हणजे लिनक्सचा तयार संच) कोणतेही घेतले तरी खाली तेच यूनिक्स, म्हणजे अनेकांनी मिळून वापरायच्या संगणकांसाठी घडलेली जुनी प्रणाली, आणि वर निरनिराळ्या गटांनी निरनिराळ्या वेळी चढवलेले थर, हे सतत जाणवते. संगणकासमोर एकट्याने बसणाऱ्या माणसासाठीच मुळापासून बांधलेली एखादी मुक्त प्रणाली आज वापरण्याजोगी आहे का? माझे काम लेखन, ईमेल, वेबवरील वाचन आणि संगीत एवढेच आहे. जुना ६४ बिटचा लॅपटॉप मोकळा आहे. प्रणाली नुसती पाहून ठेवून द्यायची नाही, रोज वापरायची आहे.

पहिले उत्तर:
आपल्या अटींवर माझ्या मते एकच नाव टिकते, ते म्हणजे हायकू. बी कंपनीची बीओएस प्रणाली २००१ मध्ये पाम कंपनीकडे गेली आणि त्याच वर्षी तिची मुक्त पुनर्रचना करण्याचे काम सुरू झाले. सप्टेंबर २०२४ मध्ये पाचवी बीटा, म्हणजे अंतिम होण्यापूर्वीची चाचणी आवृत्ती आली. टर्मिनल उघडल्यावर आपल्याला लिनक्सवरून ओळखीचे बॅश (टंकलेले आदेश चालवणारा प्रोग्राम) भेटेल, परंतु कर्नल (प्रणालीचा गाभा), खिडक्यांची व्यवस्था आणि फाइल व्यवस्थापक हे सारे एकाच प्रकल्पात, एकमेकांना धरून लिहिलेले आहे.

मला सर्वात मोलाची वाटते ती तिची फाइल प्रणाली. प्रत्येक ईमेल ही एक स्वतंत्र फाइल असते आणि पाठवणारा, विषय, तारीख ही माहिती त्या फाइललाच गुणधर्म म्हणून जोडलेली असते. एका व्यक्तीची न वाचलेली पत्रे हवी असतील तर तसा शोध जतन करून ठेवावा. त्याची खिडकी उघडी असताना नवे पत्र आले की ते यादीत आपोआप दिसते. गाण्यांच्या संग्रहालाही मी हीच पद्धत लावली आहे आणि त्यासाठी वेगळा प्रोग्राम ठेवण्याची गरज मला उरलेली नाही.

अद्ययावत करताना काही बिघडले तर सुरुवातीच्या मेनूतून आधीची स्थिती निवडून संगणक चालू करता येतो. लेखनासाठी लिब्रेऑफिस हा कार्यालयीन संच उपलब्ध आहे. मात्र ही प्रणाली एकाच वापरकर्त्यासाठी आहे, त्यामुळे लॅपटॉप अनेकांच्या हाती जाणार असेल तर ती घेऊ नये.

दुसरे उत्तर:
वरील मताशी मी सहमत आहे, पण गुणधर्मांबाबत एक सावधगिरी अवश्य बाळगावी. मी बरीच वर्षे नीट लावलेली संपर्कांची फाइल-यादी फॅट (पेन ड्राइव्हवर सर्रास आढळणारी जुनी फाइल प्रणाली) स्वरूपातील पेन ड्राइव्हवर उतरवली आणि परत आणली, तेव्हा फाइलींची नावे तेवढी शिल्लक होती. फोन, पत्ते सारे गेले होते, कारण ते फाइलीच्या आत नव्हे तर गुणधर्मांत होते आणि फॅटमध्ये त्यांना जागाच नसते. तेव्हापासून मी हायकूतच झिप करून मग प्रत घेतो, म्हणजे गुणधर्म सोबत राहतात.

तिसरे उत्तर:
इतर नावे आपल्या वाचनात येतील म्हणून लिहितो. रिअ‍ॅक्टओएस हा मायक्रोसॉफ्टच्या विंडोज एनटीशी सुसंगत प्रणाली नव्याने लिहिण्याचा प्रयत्न आहे, पण तो अजून अल्फा, म्हणजे बीटाच्याही आधीच्या कच्च्या अवस्थेत असल्याने रोजच्या कामाला नको. रिस्क ओएस १९८७ पासूनची आणि अत्यंत चपळ आहे, मात्र ती एआरएम प्रोसेसरवर (मोबाइलमध्ये असतात त्या जातीच्या) चालते, आणि जुन्या लॅपटॉपमध्ये तो सहसा नसतो, म्हणजे आपला लॅपटॉप बाद. नाइनफ्रंट ही प्लॅन नाइनची शाखा मला मनापासून आवडते. यूनिक्स घडवणाऱ्या बेल लॅब्जनेच पुढे तो विचार कुठे नेला हे तिच्यात दिसते, पण आजची बरीच संकेतस्थळे तिच्यावर उघडणे अवघड आहे आणि आपल्याला वेब वाचायचे आहे.

प्रश्नकर्ता:
सर्वांचे आभार. हायकू पेन ड्राइव्हवरून सुरू केली. वायफाय लगेच मिळाले, लेखन उत्तम चालते. फक्त ब्राउझरमधील व्हिडिओ अडखळतो. हे माझ्या यंत्रामुळे आहे का?

पहिले उत्तर देणारा:
नाही, ग्राफिक्स कार्डाची प्रवेगक क्षमता हायकू अजून वापरत नाही. चित्र काढण्याचा सारा भार प्रोसेसरवर पडतो. व्हिडिओचे रिझोल्यूशन कमी करावे, अथवा तो डाउनलोड करून हायकूच्या मीडियाप्लेयरमध्ये पाहावा. वायफाय मिळाले याचे श्रेय मात्र आपल्या जुन्या सोबत्यांनाच जाते, कारण हायकूने वायफायचे चालक (ड्रायव्हर) बीएसडी प्रणालींकडूनच घेतले आहेत.